आपलेच दात, आपलाच हात

निवृत्त माणूस घरात असला की त्याला काहीतरी काम देणं हे घरातल्या बाकीच्यांना आपलं कर्तव्य वाटतं. मी बँकेतून निवृत्त झालो त्याच्या तिसऱ्याच दिवशी सूनबाईंनी माझ्याकडे तीन खाती सोपवली. पहिलं, कुरिअरवाल्याला सही देणं. दुसरं, टाकी भरली की मोटर बंद करणं. आणि तिसरं, नातवाचे दात. पहिली दोन खाती मी आठवड्याभरात ताब्यात घेतली. तिसऱ्याचा ताळेबंद आज आठ महिने झाले तरी जुळत नाही.

नातवाचं नाव ईशान. वय साडेचार वर्षं, वजन सोळा किलो. बँकेत माझ्या हाताखाली बावीस माणसं होती आणि त्यांतले दोघे युनियनचे पुढारी होते. त्या पुढाऱ्यांनासुद्धा मी साडेदहाच्या ठोक्याला खुर्चीत बसवून दाखवलेलं आहे. पण या सोळा किलोंना तोंड उघडायला लावताना माझ्या दाताच्या कण्या होतात. आता त्या कण्या व्हायलासुद्धा माझ्याकडे मुळात दात किती उरले आहेत हा निराळा प्रश्न आहे, पण त्याकडे नंतर येऊ.

एरवी हे तोंड दिवसभर मिटत नाही. आकाश कुठे संपतं, पालीला चष्मा का नसतो, आबा तुम्ही केव्हापासून म्हातारे आहात, असे प्रश्न त्यातून अखंड बाहेर पडत असतात. पण ब्रश दिसला रे दिसला की त्याच तोंडाला दातखिळी बसते. 'आ कर' म्हटलं की तो 'ई' करतो आणि 'ई कर' म्हटलं की 'उं'. सगळी बाराखडी म्हणून होते, पण ज्या वेळी जो स्वर हवा तो काही मिळत नाही.

दात घासायला दोन मिनिटं लागतात असं दंतवैद्य सांगतात. दुधाचे दात वीस. माझ्यातल्या बँकवाल्याने लगेच हिशेब केला : एकशेवीस सेकंद भागिले वीस दात, म्हणजे दर दाती सहा सेकंद. हिशेब चोख आहे. फक्त त्यात आरोपीला बेसिनपर्यंत आणण्याची सात मिनिटं, पाटावर चढण्याची दोन आणि पेस्ट किती घ्यायची या वाटाघाटींची पाच, हा किरकोळ खर्च धरलेला नाही. जाहिरातीत ब्रशावर पेस्टची जी भली मोठी लाट उसळलेली दाखवतात, तेवढी ईशानला हवी असते, कारण त्याच्या पेस्टला स्ट्रॉबेरीचा वास आहे आणि ती खाण्याची वस्तू आहे अशी त्याची समजूत आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं माप मात्र वाटाण्याएवढं. लाट आणि वाटाणा यांच्यामध्ये तडजोड घडवून आणणं काय असतं, हे वेतनवाढीच्या वाटाघाटींना बसलेल्या माणसालाच कळेल.

*

या कामासाठी माझी पात्रता काय, असं कोणी विचारलं नाही हे माझं नशीब. कारण माझ्या वरच्या जबड्यात संपूर्ण कवळी आहे आणि खाली माझे स्वतःचे असे नऊ दात शिल्लक आहेत. बुडालेल्या पतपेढीच्या चेअरमनने गुंतवणुकीवर व्याख्यान द्यावं, त्यातला हा प्रकार.

आमच्या लहानपणी दात घासायला शिकवणं नावाचा प्रकारच नव्हता. साताऱ्याकडच्या आमच्या घरी मोरीच्या कट्ट्यावर एका डब्यात राखुंडी असायची. डाव्या तळहातावर चिमूटभर घ्यायची, उजव्या हाताची तर्जनी बुडवायची आणि फिरवायची. आजोबा बाभळीची काडी चावत अंगणभर फिरत. आई पहाटे चुलीपाशी बसून मिश्री लावी. मोठी माणसं आपापल्या दातांत गुंतलेली असत, त्यामुळे लहानांच्या दातांकडे बघायला कोणाला सवड नसे. चौकशी व्हायची ती एकाच वाक्यात. "दात घासले का रे?" या प्रश्नाला "हो" असं उत्तर होतं आणि पुरावा म्हणून ओठांच्या कडेला काळी रेघ दाखवावी लागे.

मी तेव्हाच शिकलो की पुरावा दातांवर नसतो, ओठांवर असतो. म्हणून मी थोडी राखुंडी ओठांच्या दोन्ही कडांना लावून बाहेर येत असे. चार वर्षं माझी तपासणी निर्दोष होती. कोणीही मला पकडलं नाही. मी चाळिशीत असताना दातांनी पकडलं.

*

तर अशा या माणसाने एका रात्री नातवाशी हरल्यावर जे सगळे हरलेले करतात तेच केलं. मी त्याला घाबरवलं.

"तुझ्या दाढेत एक किडा बसलाय," मी आवाज खाली आणून म्हणालो. "काळा. त्याच्याकडे छोटी पहार आहे. तू दात घासले नाहीस की तो रात्री खणायला लागतो."

काय सांगू तुम्हांला! तोंड असं उघडलं की पडजीभ दिसली. सहा सेकंद दर दाती या दराने दोन मिनिटांत विसाच्या वीस दात घासून झाले. मी बाहेर येऊन सौ.ना विजयी मुद्रेने म्हणालो, "बघ. तू बालवाडीत तीस वर्षं घालवलीस, मी दोन मिनिटांत केलं."

ती काही बोलली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मी एक शिकलो आहे, की ही बोलली नाही की सांभाळून राहावं.

रात्री दोन वाजता ईशान रडत उठला. तोंडाचा आ करून बसला होता आणि काही केल्या मिटेना. कितीतरी वेळाने कळलं की किड्याला बाहेर जायचं झालं तर दार उघडं असावं म्हणून त्याने ते उघडं ठेवलं होतं. ज्या तोंडाने उघडावं म्हणून मी आठ महिने विनवण्या केल्या, ते आता मिटावं म्हणून मी पहाटेपर्यंत विनवण्या करत होतो. "आबा, तो आत्ता झोपलाय का?" असं तो मला दर पाच मिनिटांनी विचारत होता. आणि मी, जो किडा मीच जन्माला घातला होता त्याच्या झोपेची ग्वाही देत होतो.

सकाळी मी खजील होऊन पुस्तकं काढली. म्हटलं, निदान या थापेला काही घराणं तरी आहे का बघावं. आहे, आणि फार मोठं आहे. दातात किडा असतो ही समजूत हजारो वर्षांची. त्याला हुसकून लावायचा मंत्र बाबिलोनच्या मातीच्या पाटीवर लिहिलेला सापडला आहे. पुढे पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली दातांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि शोधूनही आपल्याला असा किडा सापडला नाही असं त्यात सांगून टाकलं. त्याला तीनशे वर्षं होत आली, तरी आपण अजून दाताला 'कीड' लागली असंच म्हणतो. किडा गेला, पण भाषेतली जागा काही त्याने सोडली नाही. पुण्यातला जुना भाडेकरूच तो.

खरी गोष्ट अशी की तोंडात राहतात ते जंतू. डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडवाल्याने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा साका आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात त्याला वळवळणारी प्राणिसृष्टी दिसली. मग १८९० साली विलोबी मिलर या बर्लिनमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन दंतवैद्याने सांगितलं की आपण खाल्लेली साखर हे जंतू खातात, तिचं आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो. रात्री झोपेत लाळ कमी सुटते, तोंड धुऊन निघत नाही, म्हणून रात्रीचं घासणं जास्त महत्त्वाचं.

त्या संध्याकाळी मी ईशानला समोर बसवलं आणि म्हणालो, "मी काल खोटं बोललो. पहारवाला किडा नसतो."

"तुम्ही खोटं बोललात?" त्याने विचारलं. त्यात राग नव्हता. मोठ्या माणसांनाही ही सोय आहे याचं नुसतं कुतूहल होतं.

"हो. चुकलो. खरं म्हणजे बारीक बारीक जंतू असतात. दिसतसुद्धा नाहीत. तू जिलबी खाल्लीस की तुझ्या दाताला चिकटलेली जिलबी ते खातात. आणि खाऊन झालं की..."

"की काय?"

मी क्षणभर मिलरसाहेबांची मनातल्या मनात माफी मागितली. "की तिथेच शी करतात."

ईशान हसत हसत जमिनीवर लोळला. "माझ्या तोंडात? शी?" मग तो आजीला सांगायला धावला, शेजारच्या काकूंना सांगून आला, रात्री आईबाबा हिंजवडीहून थकून आले तर चपला काढायच्या आत त्यांनाही ही शुभवार्ता मिळाली. आणि त्याने आपण होऊन ब्रश मागितला.

मला याचं फार नवल वाटलं. मी थाप मारली होती ती सोपं जावं म्हणून. पण खरं जास्त सोपं होतं, आणि शिवाय जास्त मजेदारही. भीतीला आणखी एक खोट आहे. ती किड्यावर उभी असते. पोरगं आठ वर्षांचं झालं की त्याला कळणार, किडा नाही. त्या दिवशी किड्याबरोबर ब्रशही फेकून दिला तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

*

पण आपण होऊन ब्रश मागितला तिथून नवीनच अडचण सुरू झाली. "माझं मी घासणार," ईशानने जाहीर केलं.

आता हे वाक्य ऐकून कोणालाही आनंद व्हावा. मला झाला नाही, कारण मी पुढचं दृश्य पाहिलं. चार बोटांची मूठ करून त्याने ब्रश पकडला, जशी पोळी लाटायला लाटणं पकडतात. पुढचे चार दात इतके घासले की मला त्यांची दया आली, आणि मागच्या दाढांना ब्रशाचं दर्शनसुद्धा झालं नाही. मधेच तो ब्रश चावला. पेस्ट गिळली. थुंकला तो आरशावर. मी म्हणालो, "दे इकडे, मी करतो," आणि तेवढ्यात मागून सौ.चा आवाज आला.

"अहो, तोंड त्याचं, हात त्याचा. तुम्ही मध्ये कशाला?"

हिचं सगळं आयुष्य बालवाडीत गेलं. माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धाची वर्षं इथेच राहिल्या, ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, हा इतिहास मला लग्नानंतर पहिल्या महिन्यातच तोंडपाठ झाला होता. त्या सगळ्या बायकांचं म्हणणं थोडक्यात असं, की मुलाला पेलेल एवढा तांब्या द्या आणि मग ते पाणी सांडतं तेव्हा गप्प बसा. यातलं पहिलं सोपं आहे. तांब्या बाजारात मिळतो. गप्प बसणं कुठे मिळतं?

मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं, कारण त्या वर्गात पंखा होता. त्यातलं एक अजून आठवतं. घरं बांधून बांधून माणूस गवंडी होतो आणि न्यायाची कामं करून करून न्यायी होतो, असं ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलं आहे. पण शिकाऊ गवंड्याने बांधलेल्या पहिल्या घरात राहायचं कोणी, हे त्याने सांगितल्याचं मला आठवत नाही. इथे तर दाढा खऱ्या आहेत. दुधाच्या असल्या म्हणून काय झालं, किडल्या की ठणकतातच, आणि खालून येणाऱ्या दाताची जागा त्यांनीच धरून ठेवलेली असते.

मी दुसऱ्याने केलेलं काम वाईट होताना बघू शकत नाही. बँकेत कोणी व्हाउचर चुकवलं की मी "द्या इकडे" म्हणून स्वतः लिहून टाकत असे. त्याला समजावून सांगायला दहा मिनिटं, मला लिहायला एक. एकतीस वर्षं मी अशी रोज नऊ मिनिटं वाचवली. निरोपसमारंभात सगळे म्हणाले, "साहेब, तुमच्याशिवाय कसं होणार?" मला भरून आलं. आता वाटतं, ते माझं कौतुक नव्हतं, माझ्यावरचं आरोपपत्र होतं. तरी पुढच्या सोमवारी बँक वेळेवर उघडली आणि व्यवस्थित चालली, हे मी फाटकाबाहेरून जाऊन पाहून आलो.

शेवटी आम्ही नवराबायको निवाड्यासाठी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "तुमचं दोघांचंही बरोबर आहे." हे वाक्य ऐकून आम्हां दोघांचाही विरस झाला. त्यांनी समजावलं, की मुलाचं मनगट नीट वळायला सात-आठ वर्षं लागतात. बुटाची नाडी स्वतःची स्वतः बांधता यायला लागेपर्यंत घासणं पुरतं त्याच्यावर सोडू नये. पण म्हणून ब्रश त्याच्या हातातून काढूनही घेऊ नये. "आधी तो, मग तुम्ही. तुम्ही त्याच्या मागे उभे राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकू दे, म्हणजे वरच्या दाढा दिसतील. तो घासेल ते त्याचं शिक्षण, तुम्ही घासाल ती दातांची सोय. दोन्ही लागतात."

माझं पोट इतक्या वर्षांनी कोणाच्या तरी उपयोगी पडलं.

*

पंधरा दिवस असे बरे गेले. मग एका सकाळी ईशानने बाथरूमचं दार आतून लोटून घेतलं. "आबा, तुम्ही बाहेर थांबा. मी मोठा झालोय."

मी बाहेर थांबलो. नळ वाहत होता. दोन मिनिटांनी तो बाहेर आला. ब्रश ओला, ओठांवर पांढरा फेस, चेहरा संतासारखा. आणि तोंडाला वास येत होता चॉकलेटच्या बिस्किटाचा.

मी त्या ओठांवरच्या फेसाकडे बघत राहिलो. साठ वर्षांपूर्वीची काळी रेघ आता पांढरी होऊन माझ्यासमोर उभी होती. ही युक्ती त्याला कोणी शिकवली नव्हती. काही गोष्टी रक्तातूनच उतरतात असं म्हणतात, त्या याच असाव्यात.

प्लेटोच्या पुस्तकात गायजीस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की माणूस अदृश्य होतो. मेंढपाळाने मग काय केलं? राजवाड्यात शिरून राजाला मारलं आणि राज्य बळकावलं. प्लेटोच्या त्या पुस्तकात प्रश्न टाकलेला आहे, की कोणीच बघत नसेल तर माणूस नीट कशाला वागेल? आमच्या प्राध्यापकांनी या प्रश्नावर तीन आठवडे घेतले होते. मला वाटतं, त्यांनी आम्हांला एकेकट्याला बाथरूममध्ये पाठवून दार लावलं असतं तर एका सकाळीत उलगडा झाला असता.

ओरडावं असं फार मनात आलं. पण ओरडून काय मिळालं असतं? तो ब्रशाला पेस्टसुद्धा लावायला शिकला असता, म्हणजे पुरावा सुधारला असता. मी त्याला बेसिनपाशी नेलं, राखुंडीची सगळी हकीकत कबूल केली आणि तिचा परिणाम म्हणून कवळी काढून हातावर ठेवली. मला वाटलं, हा क्षण त्याच्या आयुष्याला वळण देणारा ठरेल.

त्याचे डोळे लकाकले. "आबा! सुटे दात! मलापण असे पाहिजेत! एकदाच काढून धुवायचे!"

उपदेशाची अशी फजिती माझ्या पाहण्यात दुसरी नाही. सौ. दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती. मी कवळी परत बसवली आणि विषय सोडून दिला.

त्याच दुपारी आम्ही दोघं पेरू खायला बसलो. म्हणजे तो बसला. मी नुसता मीठ लावून देत होतो.

"तुम्ही का नाही खात?"

"बिया कवळीखाली जातात रे. टोचतात."

"ऊस?"

"नाही."

"कैरी? चकली?"

"चकली चहात बुडवून."

तो बराच वेळ चावायचं थांबला. मग त्याने पेरूचा मऊ गर बोटाने काढला, बिया निवडून बाजूला ठेवल्या, आणि माझ्या तोंडापुढे धरला. मी आ केला. त्याने मला 'ई कर' असं मुळीच सांगितलं नाही.

*

आई जाऊन आता तीन वर्षं होतील. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तिचे अकरा दात शाबूत होते. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच, तिची किंमत तिच्या हिरड्यांनी भरपूर मोजली होती, पण अकरा राहिले होते आणि त्यांचा तिला अभिमान होता. शेवटच्या वर्षात तिचा हात फार थरथरायचा. ब्रश गालावर, हनुवटीवर, कुठेही जायचा. अर्धं पाणी लुगड्यावर. वीस मिनिटं लागायची. मी "दे इकडे" म्हणायचो आणि ती ब्रश घट्ट धरून म्हणायची, "माझं मी करते, बापू. तू बाहेर हो."

एका सकाळी मला घाई होती. कसली होती ते आता आठवतसुद्धा नाही. मी तिच्या हातातून ब्रश काढून घेतला. ओढला म्हणजे ओढलाच. दोन मिनिटांत उत्तम घासून दिले. तिने तोंड उघडलं, काही विरोध केला नाही, फक्त माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. दात त्या दिवशी अगदी स्वच्छ झाले होते. जेवताना ती माझ्याशी बोलली नाही, आणि मी विचारलंही नाही.

नंतर हिनेच सुचवलं म्हणून मी ब्रशाच्या दांड्याला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून तो जाड केला, म्हणजे मुठीत नीट बसेल. मग तिची वीस मिनिटं तिला दिली आणि शेवटचं एक मिनिट मी मागून हात लावला. डॉक्टरीणबाईंनी सांगण्याआधीच 'आधी तो, मग तुम्ही' हा नियम आमच्या घरात एकदा येऊन गेला होता. फक्त तेव्हा तो मला उशिरा कळला.

म्हणून आता ईशान "माझं मी घासणार" म्हणतो तेव्हा मला एकाच वेळी दोन आवाज ऐकू येतात. वाक्य तेच आहे. एकीकडे हात हळूहळू काढून घ्यायचा असतो, दुसरीकडे हळूहळू लावायचा असतो. मदतीत अवघड भाग हाताचा नसतोच, घाईचा असतो. आपण ज्याला मदत म्हणतो त्यात दुसऱ्याची सोय किती आणि आपली नऊ मिनिटं किती, याचा ताळेबंद मांडायला मला बँकेतली एकतीस वर्षं पुरली नाहीत.

निसर्गाला हे बहुधा आधीच ठाऊक असावं. नाहीतर त्याने माणसाला दोनदा दात दिले नसते. पहिले वीस ही कच्ची वही. चुका करा, गिरवा. पण तो आणखी एक गंमत करतो. सहाव्या वर्षाच्या सुमाराला पहिली पक्की दाढ येते ती सगळ्यांच्या मागे, कोणताही दात न पाडता, गुपचूप. पुढचा दात पडला की सगळं घर गोळा होतं. या दाढेची कोणाला वार्ताही नसते. कच्ची वही संपल्याची घंटा होत नाही, पक्की सुरू झालेली असते. तोपर्यंत जेवढं शिकून झालं तेवढं खरं. ईशानच्या घंटेला दीडएक वर्ष उरलं आहे.

तेव्हा रोज सकाळी आणि रात्री मी बाथरूमच्या दाराबाहेर उभा असतो. आत नळ वाहतो. ब्रश दातांवर आहे की नुसता पाण्याखाली, हे बाहेरून कळत नाही. मी मनात एकशेवीस मोजतो आणि दार ढकलत नाही. मग तो बाहेर येतो, माझ्या पोटाला डोकं टेकतो, आ करतो, आणि मी दुसरा हात फिरवतो. काही दिवस दाढा खरोखरच स्वच्छ असतात. काही दिवस बिस्किटाचा वास येतो. वास आला तर मी म्हणतो, "आज जंतूंची मेजवानी दिसते," आणि तो म्हणतो, "उद्या नाही." उद्याचं उद्या कळतं.

परवा रात्री मी कवळी घासून पेल्यात ठेवत होतो, तर तो पाटावर चढून बाजूला उभा राहिला. कवळी पेल्यातून काढून त्याने दिव्यापुढे धरली आणि बारकाईने बघितली.

"आबा, आतल्या बाजूने घासलंच नाहीत."

मी म्हणालो, "घासलं की."

त्याने वास घेतला. चिवड्याचा आला असावा. काही न बोलता त्याने माझा ब्रश घेतला, मुठीत धरला, लाटण्यासारखा, आणि मन लावून घासायला लागला. पाणी सगळं माझ्या लेंग्यावर उडत होतं. मला झोप आली होती. "दे इकडे" हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते.

पण दात त्याच्या हातात होते. मी गप्प उभा राहिलो.